अमेरिकेच्या इमिग्रेशन कोर्टात तारीख वाढवून मिळते का? नुसता अर्ज देऊन घरी बसू नका!

तालुका कोर्टाची पायरी चढलेल्या माणसाला 'तारीख' काय असते ते वेगळं सांगायला नको. वकील मुदतीचा अर्ज देतो, हजेरी माफीचा अर्ज देतो आणि पक्षकार शेताला पाणी द्यायला मोकळा. पण घरचा पोरगा किंवा भाचा अमेरिकेत असेल आणि त्याची केस इमिग्रेशन कोर्टात लागली असेल, तर इथला हिशेब तिथं लावू नका.

5 फेब्रुवारी 2025 ला अमेरिकेचं लष्करी विमान 104 भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यात महाराष्ट्राचे तिघे होते. तेव्हापासून गावाकडच्या घरांतही हा विषय निघू लागला आहे.

हे कोर्ट कसलं?

माणसाला अमेरिकेत राहू द्यायचं की बाहेर काढायचं, एवढंच हे कोर्ट ठरवतं. ते तिथल्या न्याय विभागाच्या हाताखाली चालतं. 'नोटीस टू अपिअर' या कागदापासून केस सुरू होते. वकील लावता येतो, पण सहसा स्वतःच्या खर्चाने. फुकट मदत करणाऱ्या संस्था आणि वकिलांची यादी कोर्टाकडे मिळते.

तारीख कशासाठी मिळते?

'सबळ कारण' दाखवलं तरच. वकील शोधायचा आहे, नव्या वकिलाला तयारीला वेळ हवा, गंभीर आजारपण आहे, भारतातून कागद यायचे आहेत, अशी कारणं न्यायाधीश ऐकतात. मात्र तारीख मिळणं हा हक्क नाही. आधी किती वेळा वाढवली, तेही पाहिलं जातं.

अर्जात काय हवं?

- अर्ज इंग्रजीत हवा. त्यात नाव, केसचा ए-नंबर आणि सुनावणीची तारीख हवी.
- कारण सविस्तर लिहा. 'घरगुती अडचण' एवढ्यावर भागत नाही.
- पुरावा जोडा. आजारी असेल तर डॉक्टरचं पत्र, वकील शोधत असेल तर कुणाकुणाला भेटला ते.
- मराठी कागदासोबत इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रमाणपत्र लागतं.
- एक प्रत सरकारी वकिलाला द्यावी लागते आणि ती दिल्याचं कोर्टाला लेखी कळवावं लागतं.

अर्ज जितका लवकर तितका बरा. म्हणून जन्मदाखला, फिर्यादीची नक्कल असं काही पोराने मागितलं, तर घरच्यांनी 'बघू पुढच्या आठवड्यात' करू नये.

सगळ्यात मोठी चूक

अर्ज दिला म्हणजे तारीख वाढली, असा समज करून घेणं. न्यायाधीशाने मंजुरी देईपर्यंत जुनीच तारीख पक्की असते आणि त्या दिवशी हजर राहावंच लागतं. गैरहजर राहिला तर त्याच्या पाठीमागे देशाबाहेर काढण्याचा हुकूम होऊ शकतो. ग्रीन कार्डासारख्या काही सवलतींचा रस्ताही 10 वर्षं बंद होऊ शकतो. अपघात किंवा गंभीर आजारासारखं असाधारण कारण असेल, तर केस पुन्हा उघडायला 180 दिवसांत अर्ज करता येतो. नोटीसच नीट मिळाली नसेल, तर ही मुदत आड येत नाही.

खोली बदलली तर 5 कामकाजी दिवसांत नवा पत्ता कोर्टाला कळवावा लागतो. त्यासाठी ईओआयआर-33 हा फॉर्म आहे. तो भरला नाही तर नोटीस जुन्या पत्त्यावर जाते आणि दोष आपल्याच माथी येतो. पुढची तारीख ए-नंबर टाकून कोर्टाच्या वेबसाइटवर किंवा फोनवर तपासता येते.

तारीख वाढवण्याची किंमत

आश्रय मागणाऱ्याने स्वतः तारीख वाढवून घेतली, तर वर्क परमिटसाठी मोजले जाणारे 180 दिवस तिथंच थांबतात. शिवाय आश्रयाचा अर्ज सहसा अमेरिकेत पोचल्यापासून 1 वर्षात करावा लागतो. कोर्टाची तारीख पुढे गेली म्हणून ती मुदत पुढे जात नाही.

तेव्हा पोराचा फोन आला की 'अर्ज दिलास का?' एवढंच विचारून थांबू नका. 'मंजूर झाला का?' ते विचारा. नसेल झाला, तर त्याला एकच सांगा, 'त्या दिवशी कोर्टात जा.'