रस्ता चौपदरी हवा की दुपदरी पुरे? आधी हे गणित समजून घ्या

बेळगाव : रुंदीकरण किंवा बायपास म्हटला की आपल्याकडे दोन बाजू पडतात. एकाला रोजची कोंडी नकोशी झालेली असते, दुसऱ्याची पिकाऊ जमीन जाणार असते. हलगा-मच्छे बायपासच्या वेळी हे सगळ्यांनी पाहिलंय. पण रस्ता किती मोठा हवा, हे कागदावर ठरतं कसं?

मोजणी : सगळी वाहने कारच्या मापात मोजतात. या मापाला पीसीयू म्हणतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) ग्रामीण रस्त्यांच्या हिशेबात कार 1, ट्रक किंवा बस 3, तर ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार. म्हणजे गळीत हंगामात उसाच्या दहा ट्रॉल्या 45 कारइतकी जागा खातात. म्हणूनच सुगीत एकदा आणि मंदीच्या दिवसांत एकदा, सलग सात दिवस मोजणी करावी, असा नियम आहे.

दर्जा : रस्त्याला ‘ए’ ते ‘एफ’ अशी श्रेणी असते. ‘ए’ म्हणजे मोकळा रस्ता, ‘एफ’ म्हणजे ठप्प. सपाट भागातला दुपदरी रस्ता ‘बी’ दर्जा राखून दिवसाला 15,000 पीसीयू पेलतो. खास परिस्थितीत ‘सी’ दर्जा चालवून घेतला, तर 40 टक्के जास्त, म्हणजे 21,000.

अंदाज : इथे चक्रवाढ व्याज येतं. समजा, एका रस्त्यावर आज 10,000 पीसीयू आहेत. वर्षाला 5 टक्के वाढ धरली, तर 15 वर्षांनी साधारण 20,800 होतात. ‘बी’ धरला तर हा रस्ता आठ-साडेआठ वर्षांतच अपुरा. ‘सी’ धरला तर पंधरा वर्षे निभावतो. वाढ साडेसात टक्के धरली, तर ‘सी’सुद्धा साधारण सव्वादहा वर्षांतच संपतो.

रस्ता तोच, वाहने तीच. फक्त दर्जा आणि वाढीचा दर बदलला, की दुपदरीचा चौपदरी होतो आणि भूसंपादनाची नोटीस दारात येते. उलट दर कमी धरला, तर कोट्यवधी खर्चूनही काही वर्षांत पुन्हा कोंडी.

आणखी एक गोष्ट. कोंडी रेल्वे गेट किंवा चौकापाशी असेल, तर पुढचा-मागचा रस्ता रुंद करून उपयोग नाही. तिथे उड्डाणपूल किंवा चौकाची सुधारणा हा वेगळा पर्याय तपासावा लागतो.

त्यामुळे आपल्या भागातल्या रस्त्याचा प्रकल्प अहवाल आला, की चार प्रश्न जरूर विचारा :

1. मोजणी कोणत्या महिन्यात झाली?
2. वाढीचा दर किती धरला आणि का?
3. दर्जा कोणता धरला?
4. काहीच केलं नाही तर, फक्त चौक सुधारला तर आणि बायपास केला तर, पंधरा वर्षांनी प्रत्येक पर्यायात रस्ता कोणत्या श्रेणीत असेल?

चौथ्याचं उत्तर एका तक्त्यात मावतं. तो तक्ता समोर असला, की रस्त्याच्या बाजूचा आणि जमिनीच्या बाजूचा, दोघेही एकाच आकड्यावर बोलू शकतात.