रोज एक मिलिमीटर

नडगीचं हाड मोडलं तर ते जुळतं, हे हाडवैद्यालाही ठाऊक असतं. पण मधला सहा-आठ सेंटीमीटरचा तुकडाच गेला तर? गोळी, स्फोट, ट्रकची धडक, नाहीतर वर्षानुवर्षं हाडात मुरलेला पू. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा पायाच्या नशिबी बहुधा करवत असे. प्रयत्न झाले नव्हते असं नाही. १९०५ साली इटलीत कोदिव्हिला यांनी आखूड पाय ओढून लांब केल्याचं प्रसिद्ध झालं, त्याच वर्षी अमेरिकेत हंटिंग्टन यांनी शेजारचं बारीक हाड, फिब्युला, नडगीच्या जागी सरकवल्याचं. दोन्ही गोष्टींचा बोलबाला फारसा झाला नाही.

खरी कलाटणी मिळाली ती सायबेरियातल्या कुर्गान भागात. गाव्रिल इलिझारोव्ह हा तरुण डॉक्टर तिथे खेड्यात नेमला गेला. महायुद्धातून परतलेल्या जखमींची रांग लागलेली, आणि हाताशी फार काही नाही. १९५१ मध्ये त्याने पोलादी कड्या, हाडातून आरपार जाणाऱ्या ताणलेल्या तारा आणि नट यांची चौकट उभी केली. एका रुग्णाने नट उलटा फिरवला, हाडाची टोकं जवळ येण्याऐवजी लांब गेली आणि त्या फटीत नवं हाड दिसलं, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो-नसो, त्यापुढची वर्षानुवर्षं त्याने प्राण्यांवर प्रयोग करून जे सिद्ध केलं ते जास्त महत्त्वाचं आहे: हाडाचा रक्तपुरवठा राखला आणि हळूहळू ताण दिला, तर शरीर स्वतःच हाड घडवतं.

पोकळी भरायची तर दूरच्या निरोगी भागात हाड कापायचं, आठवडाभर थांबायचं, मग मोकळा झालेला तुकडा रोज एक मिलिमीटर सरकवायचा. नटाच्या पूर्ण फेऱ्याला एक मिलिमीटर, म्हणून दिवसातून चार वेळा पाव-पाव फेरा. पुढे पोकळी मिटत जाते, मागे नवं हाड तयार होत जातं. हे काम घरी बसून रुग्णच करतो. तारांभोवतीची जागा रोज पुसायची, पाऊल खाली लोंबू नये म्हणून व्यायाम, रात्री कूस बदलताना कडी दुसऱ्या पायाला लागते ती वेगळीच.

मॉस्कोतल्या बड्या मंडळींनी बराच काळ इलिझारोव्हला फिटर म्हणून हिणवलं, असं सांगतात. मग १९६८ मध्ये उंच उडीतला ऑलिंपिक विजेता व्हॅलेरी ब्रुमेल आला. १९६५ च्या मोटारसायकल अपघातानंतर कित्येक शस्त्रक्रिया होऊनही त्याचा पाय बरा होत नव्हता, तो कुर्गानमध्ये झाला. तरीही पश्चिमेला खबर लागली १९८० मध्ये, इटालियन गिर्यारोहक कार्लो मौरी तिथून सुधारलेला पाय घेऊन परतला तेव्हा. पुढच्या वर्षी इलिझारोव्ह स्वतः इटलीत व्याख्यानाला गेला. तीस वर्षं! शीतयुद्धाची किंमत मोजताना ही वर्षं कुणी धरत नाही.

दरम्यान इतरांनी वेगळ्या वाटा काढल्या होत्या. सत्तरच्या दशकात मेलबर्नच्या इयन टेलर यांनी रक्तवाहिन्यांसह फिब्युला उचलून सूक्ष्मदर्शकाखाली दुसरीकडे जोडली. फ्रान्सच्या मास्केले यांनी ऐंशीच्या दशकात पोकळीत हाडासाठीच्या सिमेंटचा ठोकळा ठेवला. त्याभोवती सहा-आठ आठवड्यांत एक पडदा तयार होतो. मग ठोकळा काढून त्या पडद्यात रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा चुरा भरायचा. रुग्णाला हे सोसायला सोपं, पण पोकळी मोठी असेल तर तेवढा चुरा आणायचा कुठून?

आपल्याकडे इलिझारोव्हच्या चौकटीसाठी 'रिंग बसवली' एवढंच म्हटलं की काम भागतं. अकोल्यात डॉ. मिलिंद चौधरींनी तर खास या तंत्राचं केंद्र उभारलं. अलीकडे चुंबकाने आतून लांबणारे खिळे निघाले. बाहेरची चौकटच नको. मात्र ते महाग आहेत, शिवाय जिथे पू आहे तिथे धातू आत गाडणं धोक्याचं. त्यामुळे अशा नडगीला आजही बहुधा रिंगच लागते. नातेवाइकांना सांगितलं जातं, सहा सेंटीमीटर म्हणजे वर्ष धरून चला. दोन महिने नट फिरवायचे, उरलेले महिने हाड टणक होण्याचे.