दुल्ह्याचं घड्याळ घेताना

निकाहात दुल्ह्याला घड्याळ देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. एके काळी एचएमटीचं चावीचं घड्याळ दिलं की दोन्ही घरं खूश असत. आता मुलगा मोबाइलवर फोटो दाखवतो: पोलादी चेन, काचेभोवती आठ कोनांची कड, तबकडीवर बारीक चौकड्यांची नक्षी. किंमत ऐकून घरातले गप्प होतात. "सोन्याचं नाही, मग एवढं महाग कसं?" हा अम्मीचा सवाल रास्त आहे. (मागून घेतलेलं घड्याळ तोहफा होत नाही, ती बाब वेगळी. इथे खुशीने देणाऱ्यांबद्दलच बोलू.)

पुरुषांना सोनं मना असल्यामुळे आपण पोलादच घेतो. पण पोलादाला हा भाव आला तो १९७२ साली. स्वित्झर्लंडमधल्या ले ब्रासू गावच्या ओडमार पिगे कंपनीने त्या वर्षी 'रॉयल ओक' बाजारात आणलं. आराखडा जेराल्ड जेंटा यांचा. तोवर पोलादी घड्याळ म्हणजे कामाचं, रोजच्या वापराचं. हे मात्र कित्येक सोन्याच्या घड्याळांपेक्षा महाग होतं आणि सुरुवातीला हळूहळूच खपलं. १९७६ मध्ये जेंटांनीच पाटेक फिलिपसाठी 'नॉटिलस' रेखाटलं. त्याच्या तबकडीवर आडव्या खाचा आहेत. आजची सगळी फॅशन या दोन घड्याळांमागून आली आहे.

खरी गंमत तबकडीत आहे. सपाट, गुळगुळीत तबकडी एकतर चमकते नाहीतर काळवंडते. उंचसखल पोत असला की प्रत्येक कणाची बाजू उजेड वेगळा फेकते. मनगट हललं की निळा रंग क्षणात राखाडी, क्षणात गडद दिसतो. पोलादाला ना सोन्याचा रंग, ना खड्यांची चमक. म्हणून घड्याळाची शोभा या तबकडीवर टिकून असते.

पोत काढण्याच्या रीती मात्र निरनिराळ्या. रॉयल ओकची चौकडी जुन्या धाटणीच्या यंत्रावर कोरतात: मोठ्या चकतीवरचा नमुना यंत्र चाचपत जातं आणि तोच लहान आकारात धातूवर कापत जातं. ओमेगाच्या सीमास्टर डायव्हरवर लाटा आहेत. हे घड्याळ १९९३ चं, पण २०१८ पासून त्या लाटा सिरॅमिकवर लेझरने कोरल्या जातात. टिसॉच्या पीआरएक्स ऑटोमॅटिकवरचे चौकोन साच्याने दाबून उठवलेले असतात आणि ते घड्याळ लाखाच्या आत मिळतं. साच्याचं काम म्हणजे हलकं, असा समज मात्र करून घेऊ नका. जपानच्या ग्रँड सेकोचं 'स्नोफ्लेक' पाहा. टायटॅनियमचं, हाताला हलकं, आणि तबकडी शिन्शूच्या डोंगरांवर साचलेल्या बर्फासारखी. तो पांढरेपणा पांढऱ्या रंगाचा नाही, चांदीच्या मुलाम्याचा आहे. माझ्या मते नावापेक्षा नजरेला किंमत देणाऱ्याने हे एकदा तरी हातात घेऊन पाहावं.

दुकानातल्या दिव्यांखाली सगळंच सुंदर दिसतं. घड्याळ दाराशी, दिवसाच्या उजेडात न्या. मग हात लांब करून वेळ वाचा. एका नजरेत कळली नाही, काटे नक्षीत हरवले, तर ते घड्याळ ठेवून द्या, कितीही नामांकित असो. नंतर भिंगातून पाहा. कडा धारदार हव्यात. तारखेच्या खिडकीपाशी नक्षी फाटलेली नको. नकली मालात बहुधा इथेच बोथटपणा उघडा पडतो. "फर्स्ट कॉपी" हा शब्द कितीही गोड वाटला तरी ती नक्कलच, आणि दुल्ह्याला ती खरी म्हणून देणं म्हणजे फसवणूक.

आता रोजच्या वापराचं. दिवसात पाच वेळा वजू करणाऱ्याला कातडी पट्टा फार दिवस पुरत नाही. पोलादी चेन बरी. वजूत मनगटाच्या कातडीपर्यंत पाणी पोहोचायला हवं, म्हणून घड्याळ काढावं लागतं किंवा सरकवावं लागतं. तेव्हा चेनीचं कुलूप एका हाताने सहज उघडतं का, हे दुकानातच करून पाहा. पाण्यासाठी १०० मीटर लिहिलेलं असलं तर निर्धास्त राहा. ३० मीटर म्हणजे तीस मीटर खोल उतरता येतं असं नव्हे. ते जेमतेम शिंतोड्यांपुरतं.

खर्च खरेदीवर संपत नाही. यंत्राचं घड्याळ चार-पाच वर्षांनी उघडून साफ करून घ्यावं लागतं, आणि मोठ्या कंपन्यांचं ते बिल चांगलंच लागतं. हप्त्यांवर, व्याज भरून घेण्यासारखी ही चीज नाही. "किंमत वाढते" या बोलण्यावरही जाऊ नका. ते मोजक्याच मॉडेलांना लागू आहे. विकून नफा कमावण्याच्या नियतीने घेतलं तर तो व्यापाराचा माल झाला, आणि मग जकातीचा हिशेब आपल्या आलिमांना विचारून घ्या.

दुबईहून कोणी आणत असेल तर बिल सोबत हवं आणि विमानतळावरची ड्युटी आधीच हिशेबात धरलेली बरी. वॉरंटी कार्डावरचा क्रमांक घड्याळावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. आणि चेन लहान करताना काढलेल्या कड्या दुकानदाराकडून मागून घ्या. लग्नानंतरच्या दावती खाऊन दुल्ह्याचं मनगट क्वचितच तेवढंच राहतं.