पडदा काळा, दिवा चालू!

मित्रांनो, सायकलची चेन पडली तर काय करायचं, हे तुम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. चेन दिसते आणि पडलेलीही दिसते. हात काळे केले की झालं! पण संगणक बिघडला की नेमकं काय ‘पडलंय’ तेच दिसत नाही. अशाच एका न दिसणाऱ्या बिघाडाच्या शोधाची ही गोष्ट.

माझा भाचा बारावीच्या परीक्षेतून मोकळा झाला आणि त्याच्या डोक्यात एक खूळ शिरलं. त्याला आयफोनवर चालणारं अ‍ॅप बनवायचं होतं. त्यासाठी लागणारं ‘एक्सकोड’ नावाचं साधन फक्त अ‍ॅपलच्या मॅकओएसवर चालतं आणि मॅक घेण्याइतके पैसे तर घरात नव्हते. घरात होता एक जाडजूड गेमिंग लॅपटॉप. इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर, एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आणि रिक्षासारखा आवाज करणारे दोन पंखे!

‘‘मामा, याच्यावरच मॅकओएस टाकू या ना!’’ भाचा म्हणाला.

माझ्या ताईनं, म्हणजे त्याच्या आईनं, दारातूनच बजावलं, ‘‘माझ्या शिकवणीचे हिशेब आणि घरातले सगळे फोटो त्यात आहेत. एक जरी गेला तर दोघांनाही जेवायला मिळणार नाही!’’

म्हणून पहिलं काम कोणतं केलं असेल? सगळ्याची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली. मग लॅपटॉपमधली जुनी एसएसडी चक्क बाहेर काढून कपाटात ठेवली आणि तिच्या जागी नवी, कोरी बसवली. नवी प्रणाली टाकताना डिस्क पुसावी लागते. चुकीच्या डिस्कवर बोट पडलं तर? जी डिस्क कपाटात आहे, ती पुसली जाणं शक्यच नाही!

दुसऱ्या शाळेचा गणवेश

तुम्ही म्हणाल, मॅकची प्रणाली भलत्याच लॅपटॉपवर चालते तरी कशी? त्याचं कारण असं. २००६ सालापासून अ‍ॅपलनं आपल्या मॅकमध्येही इंटेलचेच प्रोसेसर घालायला सुरुवात केली. त्यामुळे मॅक आणि साधा संगणक आतून चुलतभावांसारखे झाले. तरीही सुरू होताना मॅकओएस आजूबाजूला पाहतं. अ‍ॅपलची खास चिप आहे का? हे कोणतं मॉडेल? मग ‘ओपनकोअर’सारखा बूटलोडर, म्हणजे प्रणालीला जागं करणारा छोटा प्रोग्रॅम, अशी उत्तरं देतो की मॅकओएसला वाटावं आपण आपल्याच घरी आहोत. दुसऱ्या शाळेचा गणवेश घालून वर्गात जाऊन बसावं, तसाच हा प्रकार. अशा संगणकाला हौशी लोक ‘हॅकिंटॉश’ म्हणतात.

आणि हो, एक गोष्ट लपवून ठेवणार नाही. मॅकओएस फक्त अ‍ॅपलच्याच संगणकावर वापरा, असं अ‍ॅपलच्या परवान्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. अमेरिकेत सायस्टार नावाच्या कंपनीनं असे संगणक विकायला काढले, तेव्हा २००८ मध्ये अ‍ॅपलनं तिला कोर्टात खेचलं आणि पुढच्याच वर्षी निकाल अ‍ॅपलच्या बाजूनं लागला. म्हणजे आमचा उद्योगही नियमात बसणारा नव्हता. हे मी भाच्याला आधीच सांगितलं, तुम्हालाही सांगतो.

शेवटची ओळ वाचा

पहिल्या दिवशी पेनड्राइव्ह लावला तर लॅपटॉपनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बायोसमधला ‘सिक्युअर बूट’ नावाचा पहारेकरी अनोळखी बूटलोडरला आत सोडत नव्हता. तो बंद केला. पुढे पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर धावू लागल्या आणि एका ओळीवर गाडी थांबली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, हलेचना!

‘‘बिघडलं!’’ भाचा म्हणाला.

‘‘कुठं बिघडलं?’’ मी विचारलं.

बघा हं, ‘बिघडलं’ या शब्दानं काहीच कळत नाही. आम्ही मोबाइलवर पडद्याचा फोटो काढला आणि शेवटची ओळ शांतपणे वाचली. तिचा अर्थ असा होता, की बूटलोडरनं आपलं काम संपवून सूत्रं सोडली आहेत, पण मॅकओएसचा गाभा, म्हणजे कर्नल, अजून उठलेला नाही. म्हणजे चोर या दोघांच्या मधल्या उंबरठ्यावर! मग तेवढ्याच टप्प्याची माहिती शोधली. प्रोसेसरमधल्या एका नोंदीला बायोसनं कुलूप लावलं होतं. मॅकओएस तिथं लिहायला जायचं आणि कोसळायचं. ओपनकोअरमध्ये या कुलपासाठी एक खास पर्याय आहे. तो चालू केला आणि सफरचंद उगवलं!

रविवारचा घोटाळा

मॅकओएस बसलं. पण चित्रं अडखळत सरकत होती, आवाज नव्हता, टचपॅड मुका होता आणि वायफायचं नाव नव्हतं. प्रत्येक भागाशी बोलायला प्रणालीला एक दुभाषी लागतो. त्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. अ‍ॅपलनं आपल्या मॅकमध्ये जे भाग कधी वापरलेच नाहीत, त्यांचे दुभाषी ते कशाला ठेवतील? ते हौशी मंडळींनी लिहिलेले असतात आणि आपण नेमून द्यायचे असतात.

रविवारी मी बाहेरगावी होतो. भाच्याला दम निघेना. त्यानं एका बैठकीत पाच बदल केले. ग्राफिक्सचा क्रमांक, आवाजाचा क्रमांक, टचपॅड, वायफाय आणि बॅटरी! संध्याकाळी फोन आला, ‘‘मामा, सफरचंद येतं, खालची रेघ अर्धी भरते आणि पडदा काळा होतो.’’

‘‘आधी कोणता क्रमांक होता?’’

पलीकडे शांतता. लिहून ठेवलं होतं कुणी!

सोमवारी मी गेलो. काळा पडदा पाहून मी वैतागून पॉवरचं बटण दाबणार, एवढ्यात भाच्यानं सहज कॅप्स लॉकची कळ दाबली. तिचा बारीक दिवा लागला. पुन्हा दाबली, विझला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

काय कळलं सांगा पाहू? संगणक मेलेला नव्हता! मॅकओएस आत व्यवस्थित जागं होतं, कळफलकाचं ऐकत होतं. फक्त त्याचं चित्र पडद्यापर्यंत पोहोचत नव्हतं. पाच बदलांपैकी पडद्याशी संबंध एकाचाच, ग्राफिक्सच्या क्रमांकाचा. एका दिव्यानं चार संशयित निर्दोष सोडले!

सगळ्या सेटिंग्ज पेनड्राइव्हवरच्या एका फाइलमध्ये होत्या. म्हणून तो माझ्या संगणकाला लावला आणि क्रमांक बदलला. या वेळी वही उघडून. एक क्रमांक, एक प्रयोग, एक नोंद. तिसऱ्या क्रमांकाला पडदा उजळला आणि खिडक्या लोण्यासारख्या सरकू लागल्या. त्यानंतर आवाज, टचपॅड, वायफाय एकेक करून जमवलं. जमलं की त्या फाइलची प्रत बाजूला ठेवायची, मगच पुढचा बदल. एका बैठकीचं काम चार दिवस चाललं, पण एकदाही मागं फिरावं लागलं नाही.

जो बिघाड नव्हताच

एक कोडं मात्र सुटेना. एचडीएमआयची वायर टीव्हीला जोडली, तर चित्र येईना. दोन दिवस डोकं फोडलं. मग उलगडलं, की या लॅपटॉपचा स्वतःचा पडदा इंटेलच्या ग्राफिक्सला जोडलेला होता, पण एचडीएमआयची खाच थेट एनव्हिडियाच्या कार्डाला. आणि २०१८ साली आलेल्या ‘मोहावे’ आवृत्तीपासून या पिढीच्या एनव्हिडिया कार्डांसाठी मॅकओएसचे ड्रायव्हर आलेलेच नाहीत. दुभाषीच अस्तित्वात नाही, तर कितीही सेटिंग्ज बदला, बोलणार कोण?

हा बिघाड नव्हता, मर्यादा होती. ती ओळखल्यावर आम्ही ते कार्ड मॅकओएसपुरतं बंदच करून टाकलं. लॅपटॉप थंड राहू लागला, बॅटरी जास्त टिकू लागली. गंमत बघा, ज्या कार्डासाठी हा गेमिंग लॅपटॉप घेतला, तेच झोपी गेलं तेव्हा आमचं काम सुरळीत झालं!

भाच्यानं पहिलं अ‍ॅप बनवलं ते आईच्या शिकवणीच्या वेळापत्रकाचं. नंतर त्याला कॉलेजात खरा मॅक वापरायला मिळाला. मग आम्ही कपाटातली जुनी डिस्क लॅपटॉपमध्ये परत बसवली. हिशेब जागेवर, फोटो जागेवर आणि आमचं जेवणही जागेवर!

आता हॅकिंटॉशचे दिवसही सरत आलेत. २०२० पासून अ‍ॅपल स्वतःचे प्रोसेसर वापरू लागलं आहे आणि २०२५ ची ‘टाहो’ ही आवृत्ती इंटेलच्या मॅकवर चालणारी शेवटची, असं त्यांनीच जाहीर केलं आहे. तुम्हाला असा प्रयोग करायचाच असेल, तर घरच्यांना विचारून जुन्या संगणकावर लिनक्स टाकून पाहा. ते मोफत आहे आणि नियमातही बसतं. अ‍ॅपलची अ‍ॅप्स ज्या ‘स्विफ्ट’ भाषेत लिहितात, ती भाषाही लिनक्सवर शिकता येते, बरं का!

आणि एक वही मात्र नक्की करा. तिच्यात तीन रकाने आखा. काय दिसलं? कोणता एकच बदल केला? मग काय झालं? घरातला मिक्सर अडला, सायकलचा दिवा लागेना, गणिताचं उत्तर जुळेना, तरी हीच वही काढा. ‘बिघडलं’ म्हणण्याआधी कुठला दिवा अजून लागतोय, तो शोधा!