व्हर्जिल फॉक्स

व्हर्जिल फॉक्स (३ मे १९१२, प्रिन्स्टन, इलिनॉय – २५ ऑक्टोबर १९८०, पाम बीच, फ्लोरिडा) हे अमेरिकन ऑर्गनवादक होते. इलेक्ट्रॉनिक ऑर्गन सोबत घेऊन दौरे करणारे आणि योहान सेबास्टियन बाख यांचे संगीत तरुण श्रोत्यांपर्यंत पोहोचवणारे वादक म्हणून ते विशेष ओळखले जातात.

शिक्षण व चर्चमधील कार्य

फॉक्स लहानपणीच चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागले. त्यांनी शिकागो येथे विल्हेल्म मिडेलशुल्टे व पॅरिस येथे मार्सेल द्युप्रे यांच्याकडे अध्ययन केले. बाल्टिमोरच्या पीबॉडी संगीत विद्यालयातही ते शिकले. १९४६ ते १९६५ या काळात ते न्यूयॉर्कमधील रिव्हरसाइड चर्चचे ऑर्गनवादक होते. त्यानंतर त्यांनी मैफलींना वाहून घेतले.

फिरता ऑर्गन

मराठी संगीत नाटकांतील पायपेटीहून पाइप ऑर्गन सर्वस्वी निराळा असतो. त्याच्या शेकडो किंवा हजारो नळ्या इमारतीतच बसवलेल्या असल्याने श्रोत्यांनाच वाद्याकडे जावे लागते. इलेक्ट्रॉनिक ऑर्गनमध्ये विद्युत मंडले स्वर निर्माण करतात व ध्वनिवर्धक ते ऐकवतात. त्यामुळे ते वाद्य मालमोटारीतून नेता येते. फॉक्स यांनी रॉजर्स कंपनीचा असा ऑर्गन वापरला. पुढे ॲलन कंपनीचाही वापरला.

१ डिसेंबर १९७० रोजी न्यूयॉर्कच्या ‘फिलमोर ईस्ट’ या रॉक संगीताच्या सभागृहात त्यांनी रंगीत प्रकाशयोजनेसह केवळ बाखच्या रचना सादर केल्या. हा कार्यक्रम ‘हेवी ऑर्गन’ या नावाने ध्वनिमुद्रिकेवर आला आणि त्याच नावाने पुढील दौरे झाले. ते स्मरणाने वाजवत, रचनांच्या मध्ये श्रोत्यांशी बोलून प्रत्येकीचे मर्म उलगडून दाखवत आणि ‘जीग फ्यूग’ वाजवताना श्रोत्यांना ताल धरण्यास सांगत.

टीका

या पद्धतीवर मतभेद झाले. नळ्यांमधून वाहणाऱ्या हवेचा नाद ध्वनिवर्धकातून मिळत नाही, असा पाइप ऑर्गनच्या पुरस्कर्त्यांचा आक्षेप होता. बाखच्या रचनांतील त्यांचा भावोत्कट आविष्कारही अनेकांना कालविसंगत वाटे. समकालीन वादक ई. पॉवर बिग्ज हे जुन्या बांधणीच्या वाद्यांचे व संयत वादनाचे समर्थक असल्याने या दोघांची तुलना नेहमी होई. तथापि जेथे पाइप ऑर्गन नव्हता, तेथील श्रोत्यांना बाखचे ऑर्गनसंगीत प्रत्यक्ष ऐकवणे या फिरत्या वाद्यामुळेच शक्य झाले.

अखेरचा काळ

कर्करोगाने ग्रस्त असूनही त्यांनी वादन चालू ठेवले. सप्टेंबर १९८० मध्ये डॅलस येथे त्यांची अखेरची मैफल झाली.