चाकणचे इंजिन, माळशेजचे वळण

पावसाळ्यातल्या रविवारी कल्याण-मुरबाड रस्त्यावर सकाळपासून बाइकची रीघ लागते. काही जण धसईवरून देहरीला, गोरखगडाच्या पायथ्याशी जातात. बाकीचे टोकावडे ओलांडून माळशेज घाट गाठतात. या गर्दीतल्या नारिंगी केटीएमवर नाव ऑस्ट्रियन कंपनीचे असले, तरी ती बनते सह्याद्रीच्या पलीकडे, चाकणला. बजाज ऑटोने २००७ मध्ये या कंपनीत १४.५ टक्के हिस्सा घेतला आणि २०१४ मध्ये चाकणच्या कारखान्यातून ‘आरसी ३९०’ ही स्पोर्ट बाइक बाहेर पडली.

तिचे इंजिन एकाच सिलिंडरचे, ३७३ सीसीचे. सिलिंडरचा व्यास ८९ मिलिमीटर, पिस्टनचा प्रवास मात्र फक्त ६० मिलिमीटर. रुंद सिलिंडरच्या माथ्यावर चार मोठ्या झडपा मावतात, त्यामुळे हवा पटकन आत येते आणि धूर पटकन बाहेर जातो. प्रवास आखूड असल्याने पिस्टनला मिनिटाला ९,५०० फेऱ्यांची घाई झेपते. तरीही त्या गतीला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १९ मीटर, म्हणजे ताशी ६८ किलोमीटर होतो. आणि दर फेरीत त्याला दोनदा पूर्ण थांबून उलट फिरावे लागते. हा हिसका अंगावर येऊ नये म्हणून इंजिनात उलट दिशेने फिरणारा तोल-दांडा बसवलेला असतो. एवढ्या खटाटोपातून मिळते सुमारे ४३ अश्वशक्ती.

घाट चढताना आणखी एक अडचण येते. माळशेजच्या माथ्यावर, सुमारे ७०० मीटर उंचीवर, हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण सहा-सात टक्के विरळ असते. जुन्या कार्बोरेटरला त्याचा पत्ता लागत नसे. पेट्रोल जास्त जाऊन इंजिन गुदमरे. फ्युएल इंजेक्शनमध्ये सेन्सर हवेचा दाब आणि धुरातला ऑक्सिजन मोजतात आणि तेवढेच पेट्रोल सोडले जाते.

पण ताकद म्हणजे स्पोर्ट बाइक नव्हे. हेच इंजिन ‘ड्यूक ३९०’च्या आधीच्या पिढ्यांमध्येही होते, तरी दोघींचा स्वभाव वेगळा. पहिल्या पिढीत ड्यूकचा पुढचे चाक धरणारा फोर्क उभ्या रेषेपासून २५ अंश तिरपा, आरसीचा २३.५ अंश. दोन चाकांमधले अंतर ड्यूकमध्ये १,३६७ मिलिमीटर, आरसीमध्ये १,३४०. फोर्क जितका उभा आणि चाके जितकी जवळ, तितकी बाइक चटकन कलते. वेगात उजवीकडे वळायचे, तर हँडलची उजवी बाजू क्षणभर पुढे ढकलावी लागते. पुढचे चाक किंचित डावीकडे जाते आणि बाइक उजवीकडे झुकते. झुकल्यावर पाय रस्त्याला घासू नयेत म्हणून पायदाने उंच आणि मागे असतात. स्वार पुढे वाकून बसतो, त्यामुळे वजन पुढच्या चाकावर येते आणि हवेचा अडथळाही घटतो.

किती झुकायचे, हे मात्र कारखाना ठरवत नाही. ते वेग आणि वळणाची त्रिज्या ठरवतात. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटरला बाइक सुमारे २३ अंश कलावी लागते. ताशी ६०ला ४३ अंश. वेग दीडपट झाला, पण रस्त्याकडून मागितलेली बाजूची पकड सव्वादोनपट झाली, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. यात बाइकचे वजन किंवा अश्वशक्ती कुठेच येत नाही. ही सगळी पकड द्यायची असते ती टायरच्या, जमिनीला टेकलेल्या तळहाताएवढ्या दोन तुकड्यांनी. त्याच वेळी ब्रेक दाबला, तर तोही त्याच पकडीतून वाटा मागतो. म्हणून जाणता स्वार वळणाआधीच वेग कमी करतो.

एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, स्लिपर क्लच गिअर उतरवताना मागच्या चाकाला बसणारा झटका शोषतो. पण दोघांनाही नसलेली पकड निर्माण करता येत नाही. कोरड्या डांबरावर चांगला टायर ताशी ६०चे ते वळण जेमतेम निभावून नेईल. माळशेजमध्ये जुलैत धबधब्यांचे पाणी रस्त्यावरून वाहत असते, सोबत चिखल आणि सांडलेले डिझेल. तिथे चाकणच्या अभियंत्यांनी दिलेल्या ४३ अश्वशक्तींपैकी किती वापरायच्या, याचा निर्णय एकट्या उजव्या मनगटाचा.