भिंतीतला पिंपळ आणि तारेची घाई

जुन्या वाड्याची चुन्यातली भिंत, गच्चीचे पन्हळ, पुलाच्या दगडांमधली फट: महाराष्ट्रातल्या बोन्सायवाल्यांचे खरे रान हेच. जपानमध्ये डोंगरातून उचलून आणलेल्या झाडाला ‘यामादोरी’ म्हणतात, आणि शिकोकू बेटावरच्या इशिझुची डोंगरातले शिम्पाकू ज्युनिपर त्या परंपरेत फार नावाजलेले. आपल्याकडे राखीव जंगलातून झाड उपटणे १९२७च्या भारतीय वन कायद्यात बसत नाही, आणि त्याची गरजही नाही. पाखरांच्या विष्ठेतून भिंतीत रुजलेले रोप आज ना उद्या कोयत्याचे किंवा अ‍ॅसिडचे धनी होणारच असते. प्रश्न ते मिळवण्याचा नाही, मिळाल्यावर काय करायचे याचा आहे. मला वाटते, अशा कोवळ्या झाडाच्या घडणीतले अर्धे निर्णय तार हातात घेण्याआधी, जात ओळखतानाच होऊन जातात.

‘फायकस आहे’ एवढ्यावर थांबणारे पुष्कळ. फांदीच्या टोकाची कळी झाकणारे टोकदार उपपर्ण, ते गळल्यावर खोडाभोवती उरणारी कंकणासारखी खूण आणि खुडल्यावर येणारा पांढरा चीक, या तीन गोष्टींवरून कुळ कळते, जात कळत नाही. रोपाची पहिली काही पाने जातीचा पुरता आकार दाखवत नाहीत, म्हणून नव्या फुटीची चार-सहा पाने उलगडेपर्यंत थांबावे. पिंपळाचा देठ बोटभर लांब आणि बारीक, म्हणून वारा पडलेला असतानाही पान सळसळते. पात्याला लांब शेपूट असते आणि नवी पालवी तांबूस. पायरीचे पान त्याच वळणाचे, पण शेपूट आखूड. भिंतीवरच्या पोरवयात या दोघांत हमखास गल्लत होते. वडाचे पान जाड, टोकाला बोथट, देठ दणकट. उंबराचे पान पातळ, लांबट, आणि बरेचदा किडींनी केलेल्या गाठींनी भरलेले. नांदरुकाचे पान लहान, गुळगुळीत, चकाकणारे. हा तपशील वनस्पतिशास्त्राच्या हौसेसाठी नाही. वड आणि नांदरूक दमट हवेत पारंब्या सोडतात, तेव्हा त्यांची रचना पारंब्यांना जागा ठेवून आखता येते. पिंपळाकडून ती आशा धरली तर कुंडीत वर्षे जातात. उंबराची फळे खोडावर आणि जाड फांद्यांवर लगडतात, म्हणून त्याचे खोड पानांआड लपवणे म्हणजे त्याची ओळखच पुसणे. पानाचा आकार तर झाडाची उंचीच ठरवतो. नांदरूक वीतभर उंचीत शोभतो. तळहाताएवढ्या पानांचा पिंपळ त्या उंचीत झाड दिसतच नाही, कुंडीतले रोप दिसतो.

दुसरी ओळख मुळांची. भिंतीतल्या झाडाची मुळे विटांच्या सांध्यात दाबली गेल्याने चपटी आणि एकाच पातळीत वाढलेली असतात. छिन्नीने चुना सुटा करत ती जेवढी लांब निघतील तेवढी काढावीत, आणि हे काम जूनमध्ये, हवेत ओल आल्यावर करावे. मुळे चौफेर पसरलेली नाहीत म्हणून असे झाड टाकाऊ ठरवतात, ते मला पटत नाही. फटीत वाढलेले मूळ दगडाला बिलगायला आयतेच तयार असते. ‘दगडावरचे झाड’ या शैलीसाठी ज्या सवयीकरता माणसे वर्षानुवर्षे मुळे बांधून ठेवतात, ती भिंतीने फुकट लावलेली असते. दगडावर बसवायचे नसेल तर मुळांखाली कौलाचा तुकडा सपाट ठेवून ती बाजूंना पसरवता येतात. माती म्हणाल तर विटांचे तुकडे, भरड वाळू, थोडे कुजलेले शेणखत. मग सावली, आणि धीर.

या धीरावरच मोठा आक्षेप आहे: फांदी कोवळी आहे तोवर वळते, दोन वर्षे थांबलात तर लाकूड होईल. आक्षेप पोकळ नाही. खोडाला मुळाजवळ हवे असलेले पहिले वळण खरोखरच कोवळेपणी द्यावे लागते, आणि झाडाने नवी फूट धरली की तेवढे एक वळण जरूर द्यावे. पण फांद्यांना तेच लागू नाही. पहिल्या वर्षी दिसणाऱ्या फांद्या पुढे राहतातच असे नाही. त्यांचे काम पाने धरून मुळे आणि बुंधा पोसण्याचे. त्यांना ट्रेमध्ये तारा गुंडाळून देखणे केले तर बुंधा काडीसारखाच राहतो, कारण उथळ ट्रे वाढ रोखतो आणि जाडी तर वाढीतूनच येते. शिवाय पावसाळ्यात फायकस इतक्या झपाट्याने फुगतो की तार काही आठवड्यांतच सालीत रुतते, आणि तो पिळा वर्षानुवर्षे दिसत राहतो. प्रदर्शनात असे जखमी खोड ‘जुनाट’ म्हणून मिरवताना दिसते. तो जुनाटपणा नव्हे, विसरभोळेपणा.

मग पिंपळ घ्यावाच का, असेही विचारतात: पान मोठे, देठ लांब, दोन पानांतले अंतर जास्त. दोष तिन्ही खरे. पण ते तारेच्या पद्धतीला अडचणीचे आहेत, झाडाला नाहीत. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या लिंगनान परंपरेत झाड मुख्यतः छाटून घडवतात: फांदी मनसोक्त वाढू द्यायची, हवी तेवढी जाड झाली की आखूड करायची, आणि पुढचे वळण नव्या डोळ्याकडून घ्यायचे. पिंपळाला हे मानवते. जोमाने फुटत असेल तेव्हा पाने काढली तर पुढची पाने लहान येतात, मात्र त्यालाही मर्यादा आहे. म्हणून दीड-दोन फुटांखाली पिंपळ उतरवू नये. कातरी चालवताना फांदी कोणत्या बाजूला वळवायची ते आधी ठरवावे, त्या दिशेला तोंड असलेला डोळा शोधावा आणि त्याच्या थोडे वर कापावे, कारण कापलेले टोक बरेचदा काही अंतर मागे वाळत येते. चीक ओल्या फडक्याने टिपून घ्यावा. पुढची कातर त्या डोळ्यातून निघालेली फांदी जाड झाल्यावर, त्याआधी नाही.